खालून कापलेलं वाक्य

रविवार, २ मार्च

आज वहिनी पुन्हा देवाचा संदेश बोलल्या. सात महिन्यांनी! उपासना संपल्यावर मागच्या खोलीत आल्या, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, लिहून घ्या भावोजी.

आमच्या चर्चच्या मंडळीत भर उपासनेत उठून कुणी संदेश सांगत नाही. एकदा एका गृहस्थांनी देवाच्या नावाने स्वतःचीच सोयरीक जाहीर केली होती – मुलीच्या बापासमोर. तेव्हापासून नियम आहे. आधी मागच्या खोलीत सांगायचं, मी शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायचा, मग मी आणि मंडळीतलेच घड्याळवाले, दोघांनी पारखायचं. पटलं तर गुरुवारच्या पत्रकात. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. लिहायचं काम माझ्याकडे आलं ते दैनिकाच्या संपादन विभागात एकतीस वर्षं काढली म्हणून. माझ्या भक्तीची कीर्ती म्हणून नव्हे.

वहिनींचे शब्द जसेच्या तसे: “भिऊ नका. मी या गावाला विसरलेलो नाही. तुमच्या चुली विझणार नाहीत, बंद झालेली दारं पुन्हा उघडतील. एकमेकांना धरून राहा, म्हाताऱ्यांना एकटं सोडू नका. पण ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी शनिवारच्या आत नदी ओलांडावी.”

परत वाचून दाखवलं. मान हलवली, पदराने कपाळ पुसलं. मग नेहमीच्या आवाजात – “बसेल ना तुमच्या पत्रकात? नाहीतर देवालाही कात्री लावाल.” आणि शिवणाची पिशवी उचलून चालू लागल्या. दादा गेल्यापासून शिवणावरच घर चालवतात. संदेष्टी वगैरे म्हटलेलं त्यांना खपत नाही.

सोमवार, ३ मार्च

घड्याळवाल्यांच्या दुकानात बसलो. गिऱ्हाईक नव्हतंच. तोफा टेकड्यांपर्यंत आल्यावर घड्याळ कोण दुरुस्त करून घेतो?

मी म्हटलं, शेवटचं वाक्य अडचणीचं आहे. वार दिलाय. शनिवार येईल आणि जाईल. काही झालं नाही तर वहिनींची शोभा होईल, मंडळीची होईल. शिवाय पाळकसाहेबांनी बजावलंय – लोक आधीच हबकलेत, घबराट होईल असं काही नको.

ते डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले, “घ्यायचं तर सगळं घ्या. नाहीतर सगळं ठेवून द्या. मधलं काही नाही.” लोक हसतील, मी म्हटलं. “हसू देत. त्यात कुणाचं काय जातंय?”

ठरलं काहीच नाही. चहा पिऊन उठलो.

बुधवार, ५ मार्च

दिवसभर आवाज. कपाटातल्या बशा आपोआप खणखणतात. औषधवाल्याने बायको-मुलांना नदीपलीकडे पोचवलं, स्वतः परत आला.

गुरुवार, ६ मार्च

पत्रक गेलं.

छापखान्यात साडेचारला पोचलो. पाचला वीज जाणार, छापखानेवाल्याने सकाळीच सांगितलं होतं. मजकूर दोन ओळी जास्त. तो घाईला आलेला – “काका, काय काढू ते सांगा, यंत्र थंड पडतंय.” मी पेन्सिल घेतली आणि संदेशाचं शेवटचं वाक्य खोडलं. बातमी खालून कापायची हे हाताला इतकं बसलंय की डोक्याला विचारावं लागत नाही. महत्त्वाचं वर, जास्तीचं खाली. ‘भिऊ नका’ हा मथळा टाकला. छान दिसतोय.

पावणेपाचला बाहेर. बऱ्याच दिवसांनी वेळेआधी काम संपल्याचं समाधान.

शुक्रवार, ७ मार्च

संध्याकाळी लेक आली. पत्रक हातात. नातीला शेजारणीकडे ठेवून आली होती. जावई पाणीपुरवठ्यावर कामाला, त्याला सुटी नाही. त्यांच्या वसाहतीतली निम्मी घरं रिकामी झालीत म्हणे. बसली नाही. उंबऱ्यातच उभी.

“बाबा, काकूंचं महत्त्वाचं ते सगळं आलंय ना यात?”

मी हो म्हटलं. महत्त्वाचं ते सगळं आहे.

पत्रकाची घडी घातली, बरं म्हणाली आणि गेली. चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं. मला वाटलं, चला, आपल्या पत्रकाने एका घराला तरी धीर दिला.

शनिवार, ८ मार्च

दुपारी बाराला नदीवरचा पूल बंद केला. लष्कराच्या गाड्यांखेरीज कुणालाही सोडत नाहीत.

चार वेळा लेकीच्या घराच्या दिशेने निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. जाऊन सांगणार काय?

सोमवार, १० मार्च

शांत. फार शांत. देवा, मला खोटा पाड. नाही – वहिनींना खोटं पाड. छे, हीसुद्धा काय प्रार्थना झाली!

बुधवार, १२ मार्च

काल सकाळी सव्वानऊला पाणीपुरवठ्याच्या वसाहतीवर गोळे पडले. तीन.

लेक जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखाली मोडलाय. जावई टाकीवर होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही – तो भिंतीला टेकून बसतो आणि स्वतःच्या हातांकडे बघतो. नात वरवर धडधाकट आहे. पण हाक मारली तर वळत नाही. डॉक्टर म्हणतात, स्फोटाने कान गेलेत. परत येतील किंवा येणार नाहीत, आत्ता सांगता येत नाही.

शेजारणीचं आठ महिन्यांचं मूल गेलं.

पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

जागेची अडचण होती असं तीन दिवस स्वतःला सांगतोय. नव्हती. त्याच पानावर गायकवृंदाच्या सरावाची सूचना होती. चार ओळी! ती काढली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? गायकवृंदातले तिघे तर आधीच गाव सोडून गेलेत.

खरी गोष्ट अशी की मी घाबरलो. बाँबला नव्हे, शनिवारला. रविवारी सकाळी लोक माझ्याकडे बघून हसतील – एकतीस वर्षं बातमी दोनदा तपासून घेणारा माणूस, आणि म्हातारपणी शिवणाऱ्या बाईच्या स्वप्नांवर गाव हलवायला निघाला!

वहिनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर चादरींच्या कडा शिवत होत्या. मी म्हटलं, वाक्य मी कापलं. सुईवरची नजर न हलवता म्हणाल्या, माहीत आहे. रागवा तरी, मी म्हटलं. त्यावर नुसतं – “मला दिलं ते मी तुम्हाला दिलं, भावोजी. पुढचं तुमच्याकडे होतं.” आणि दोरा तोडला.

रविवार, १६ मार्च

उपासनेत उभा राहिलो. वहीतून संदेश सगळा वाचला, शेवटच्या वाक्यासकट. मग सांगितलं, हे छापायचं होतं, मी छापलं नाही.

कुणी ओरडलं नाही. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मागून एक आजोबा म्हणाले, छापलं असतं तरी आम्ही थोडेच गेलो असतो, बसा आता. दोघीतिघींनी हातावर हात ठेवला. इतकी स्वस्त क्षमा! शेजारीण आलेली नव्हती. घड्याळवाले बाहेर भेटले, छत्री उघडली, अर्धी माझ्यावर धरली आणि चौकापर्यंत माझ्याबरोबर चालले. फक्त त्या चालण्याने बरं वाटलं.

आयुष्यभर मी समजत होतो की वाईट दिवसांत संदेश येतो तो धीर द्यायला. धीर काय, शेजारीही देतो. मीही दोन परिच्छेदांत देऊ शकतो, त्याला पवित्र आत्मा कशाला हवा? वहिनींच्या त्या बोलण्यात एकच गोष्ट अशी होती जी मला सुचली नसती, जी ऐकून कुणाला तरी उठून चालायला लागावं लागलं असतं. मला जे जे लिहिता आलं असतं तेवढं मी ठेवलं.

नातीला पाटीवर चित्रं काढून दाखवली. मांजर ओळखलं. मोठ्याने ‘मांजर’ म्हणाली – फार मोठ्याने. तिला स्वतःचा आवाज कळत नाही.

मंगळवार, १८ मार्च

कानांत फरक नाही.

बुधवार, १९ मार्च

लेक आज स्वतःहून बोलली. म्हणाली, काकू पत्रकाच्या आदल्या दिवशी, बुधवारीच घरी येऊन गेल्या होत्या. नियम मोडून शेवटचं वाक्य सांगून गेल्या. हिने रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवली होती.

“मग पत्रक आलं, बाबा. त्यात ते नव्हतं. मला वाटलं, तुम्ही पारखून गाळलंत. तरी खात्री करायला तुमच्याकडे आले. तुम्ही हो म्हणालात, मग घरी जाऊन बॅग रिकामी केली.”