शेवंतीआत्याचं घर हलवू नये

देवबापाला साक्ष ठेवून मी परशुराम भिकाजी साळवे, वय चोवीस, धर्म ख्रिस्ती, राहणार कोळसेवाडी, कल्याण, हल्ली मुक्काम एडन, इथल्या तेलाच्या कारखान्याच्या उभारणीत दोरखंड-कप्पीचं काम करणारा खलाशी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय कधीच ठिकाणावर नव्हते, ते सगळ्या कोळसेवाडीला माहीत आहे. दारू प्यालेलो नाही, कुणी दमदाटी केलेली नाही. शिक्षण मराठी तिसरी, तीही अर्धी पळून. कायद्याचे शब्द आमचे टाइमकीपर विठ्ठलराव यांनी सांगितले, बाकीचे माझे. उद्यापासून आमची टोळी मोठ्या धुराड्यावर चढणार, म्हणून आजच लिहितो.

कलम पहिलं, घर. वडील वारले तेव्हा गावची जमीन थोरला भाऊ महिपत याला आणि लोको शेडच्या मागचं दीड खोलीचं घर मला, अशी लेखी वाटणी झालेली आहे. त्या घरात माझी आत्या शेवंतीबाई राहते. मी रांगत असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. आता तिची नजर गेली आहे. दवाखान्यात म्हणाले, उपाय नाही. महिपतचं पत्र आलेलं की विठ्ठलवाडीकडचं गिऱ्हाईक घर मागतंय, सही पाठव, आत्याला मिशनच्या आश्रमात ठेवू, तिथं घंटेवर प्रार्थना, घंटेवर जेवण, तिची सोय होईल. सही मी पाठवलेली नाही. पण मी मेलो तर कायद्यानं घर महिपतकडं जाणार. म्हणून हा कागद. सदर घर शेवंतीबाईंना पूर्ण मालकीनं मिळावं आणि तिला तिथून कुणी हलवू नये.

कारणही लिहितो, नाहीतर म्हणाल पोराला म्हातारीनं भुरळ घातली.

लहानपणी मला प्रार्थनेला बसवत नसे. गुडघे टेकले की मुंग्या चावल्यागत व्हायचं. एकदा वडील पट्टा काढून उठले तर आत्या मध्ये आली. म्हणाली, "दादा, याचे गुडघे देवानंच असे केलेत. मी याला हातांची प्रार्थना शिकवते." आणि शिकवली. तिला वाचता येत नाही. ती म्हणते, "मी विसराळू बाई रे परश्या. म्हणून प्रार्थना वस्तूंना बांधून ठेवलीय. वस्तूला हात लागला की देव आठवतो."

चुलीत पहिली फुंकर घालताना ती ज्यांच्या घरी आज चूल पेटणार नाही त्यांच्यासाठी मागते. अंथरूण झटकलं की कालचं सगळं माफ. दाराची कडी लावताना जे बाहेर राहिले त्यांची नावं घेते, एडनला आल्यापासून त्यात मीही आहे. पाट्यावर वाटायला बसली की ज्याचा राग आला असेल त्याच्यासाठी प्रार्थना, आणि राग जाईपर्यंत वरवंटा थांबत नाही. मालनवहिनी भांडून गेली की त्या दिवशीची चटणी लोण्यासारखी. एकदा महिपत जेवताना म्हणाला, "आत्या, आज चटणी काय झालीय!" आत्या म्हणाली, "तुझ्या बायकोची कृपा." मला ठसकाच लागलेला.

शेडचा भोंगा झाला की हातातलं खाली ठेवून प्रभूची प्रार्थना. यावर आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच प्रभाकरराव चारचौघांत बोललेले, "शेवंतीबाई, इंजिनाच्या शेडचा भोंगा ही काय देवळाची घंटा?" आत्या म्हणाली, "नाही साहेब. पण घंटा वाजते रविवारी, आणि मला विसर पडतो सोमवारपासून."

मी एडनला टिकलो तो याच शिकवणीवर. याआधी कुठलीच नोकरी मला धरून ठेवू शकली नाही. शिडीच्या पहिल्या दांड्यावर पाय पडला की टोळीसाठी मागतो. कमरेची दोरी आवळताना आत्यासाठी. पाण्याचा डबा तोंडाला लावताना मुकादमासाठी, तिथं मात्र वेळ लागतो. माझ्या जोडीचा पोपट विचारतो, "काय रे पुटपुटतोस, शिव्या देतोस काय त्याला?" मी म्हणतो, "द्यायच्या होत्या, म्हणून तर."

तर सांगायचं हे की आत्याला दिसत नसलं तरी तिची प्रार्थना त्या घरात चालू आहे. कडी, पाटा, चूल तिच्या हाताला आपोआप लागतात. आश्रमातल्या बाया मायाळू असतील, घंटाही चांगली असेल. पण तिथं तिचा हात लागणार कशाला? परक्या भिंतीला. या वयात तिनं पहिलीपासून देवाशी बोलायला शिकायचं का? तिच्यासारखी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत, आणि मी बंदरं बरीच पाहिलीत.

कलम दुसरं. पाने, पकडी आणि हातोडा महिपतला. तो वाईट नाही, त्याला फक्त वाटतं की नजर गेली म्हणजे सगळं गेलं. माझ्या पगाराचं जे येणं निघेल ते मालनवहिनीच्या हाती द्यावं, तिनं त्यातून आत्याचं रॉकेल, कोळसा, धान्य बघावं. ती भांडते, पण रोज येऊन पाणी भरून देते. न भांडणारे कुणी येत नाहीत.

कलम तिसरं. माझं गजराचं घड्याळ प्रभाकररावांना. आश्रमाची कल्पना महिपतच्या डोक्यात त्यांनीच घातली, तरी राग नाही. सोमवार ते शनिवार लावावं.

कलम चौथं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं विठ्ठलराव सांगतात, त्यामुळं पोपटला माझी घोंगडी मिळणार नाही. तो म्हणाला, "मग फुकट सही करू काय?" कर बाबा.

कलम शेवटचं. वरचं सगळं वाचून पोपट म्हणाला, "अरे, हा कागद तू मेल्यावर चालणार. जिवंत राहिलास तर? महिपत रोज पत्रं टाकील, तू एक दिवस कंटाळून सही देशील. तुला मी ओळखत नाही होय?" हे खरं आहे. मी कंटाळतो. विठ्ठलराव म्हणाले, हयातीत द्यायचं तर बक्षीसपत्र वेगळं, त्याला स्टँप आणि नोंदणी लागते. तो कागद रजेवर आल्याबरोबर कल्याणच्या कचेरीत करीन, आधी कचेरी, मग जेवण. तोवर दोन साक्षीदारांसमोर माझा शब्द असा की घर आजपासून आत्याचं. हा कागद महिपतला आजच्या टपालानं जातोय, त्यानं तो आत्याला मोठ्यानं वाचून दाखवावा. मी धडधाकट परत आलो तर तिचा भाडेकरू म्हणून राहीन. भाडं काय घ्यायचं ते तिनं ठरवावं.

वाचून, समजून सही केली.

परशुराम भिकाजी साळवे

आम्हां दोघांदेखत सही झाली:
१. विठ्ठल गणपत राणे, टाइमकीपर
२. पोपट सखाराम घाग, खलाशी (घोंगडीवाचून)

मुक्काम एडन, तारीख १४ नोव्हेंबर १९५३