बरगडीवरची नावं

४ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. दुकानाच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात ठेवल्या, एक्केचाळीस वर्षांच्या घड्याळदुरुस्तीला रामराम ठोकला आणि दोन बॅगा नि अवजारांची पेटी घेऊन लेकीच्या घरी कायमचा राहायला आलो. चिमणीने (खरं नाव वेगळं, पण माझ्या तोंडात हेच बसलंय) खोली अगदी हौसेने लावली आहे. पूर्वेला मोठी खिडकी, तिच्याखाली माझ्यासाठी टेबल, टेबलावर नवा दिवा. हिची आई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासून आईही मीच आणि बापही मीच. आता म्हातारपणी तिच्याजवळ राहायला मिळतंय, आणखी काय पाहिजे माणसाला?

जेवणाचं टेबल मात्र जेवायला नाही. त्यावर जावईबापूंचं जहाज आहे. खोक्यातून सुटे भाग येतात ते जोडून बांधायचं लाकडी जहाज, हातभर लांब. मधे कणा, त्याला आडव्या बरगड्या, खाली डेक. आता बरगड्यांवर बाहेरून पातळ पट्ट्या चिकटवायचं काम चाललंय. त्यासाठी जहाज उलटं ठेवलंय, त्यामुळे पोट वर उघडं आहे आणि डोकावलं की आतलं सगळं दिसतं. आम्ही तिघं सोफ्यावर बसून मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मजा आली. जावईबापू पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहेत, बोलायला मऊ, दोनदा वाढू का विचारतात. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं.

६ तारीख, बुधवार

संध्याकाळी ऑफिसातून आले की चहा घेऊन ते जहाजाला बसतात. एक पट्टी डावीकडे, मग एक उजवीकडे. एकाच बाजूला लावत गेलं तर म्हणे कणा वाकतो. पट्टी कोमट पाण्यात भिजवायची, बोटांनी हळूहळू वाकवायची, गोंद लावून टाचण्यांनी धरून ठेवायची. मी भिंग लावून सांधे तपासले. केसभर फट नाही. हात चांगला आहे माणसाचा. हे वाक्य लिहायला मला पाच मिनिटं लागली.

सांध्यांचं सोडा. चिमणी शेजारी बसून त्यांना टाचण्या देते. लहानपणी माझ्या दुकानात स्टुलावर बसून ती मला स्क्रू द्यायची, चिमट्यात धरून, मी मागायच्या आत. आज तशीच देत होती. त्यांना. मागायच्या आत. मी सोफ्यावर बसून पेपर वाचत होतो, म्हणजे धरला होता.

मग जावईबापूंनी खोक्यातली पुस्तिका काढली आणि त्यातली एक ओळ वाचून दाखवली : पोट बंद करण्याआधी बांधणाऱ्याने आतल्या मधल्या बरगडीवर आपलं नाव लिहावं, त्याखाली हवी त्यांची. त्यांनी पेन्सिलीने आपलं लिहिलं, खाली चिमणीचं. चिमणी मला म्हणाली, बाबा, तुमचंही लिहूया की. मी म्हटलं, मला कशाला त्यात ओढता, मी काय खलाशी आहे? ती हसली आणि खरंच नाही लिहिलं. एकदा तरी आग्रह करायचा. परक्या पाहुण्यालासुद्धा करतात.

८ तारीख, शुक्रवार

साडेआठला दोघं बाहेर पडतात. ते ऑफिसात, ही चष्म्याच्या दुकानात. मग घर माझं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आतून सुईने आपली खूण कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला दिसते. त्याने आपली खूण खाली कोरायची. आधीच्याची खूण पुसायची नाही, तो कितीही अडाणी असो. एक्केचाळीस वर्षं मी ही रीत पाळली.

आज मोडली. बारीक कानशीने दोन्ही नावं घासून काढली. कोरणीने माझं नाव कोरलं आणि त्याखाली चिमणीचं. पेन्सिलीने नाही, खोल. भुसा फुंकला. बरगडीचा तो भाग मुद्दाम वाकून पाहिला तरच दिसतो, आणि लिहून झालेलं पुन्हा कोण वाचतं? आता ते बसोत पट्ट्या लावत. बांधणार ते, आत आम्ही दोघं.

बऱ्याच दिवसांनी दुपारी छान झोप लागली.

१० तारीख, रविवार

आज त्यांनी चार पट्ट्या लावल्या. मी कौतुक केलं, अगदी मनापासून, आणि चिमणीने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. पोटातल्या पोटात हसू येत होतं.

खोलीत मात्र आज अंधारल्यासारखं वाटतंय. बाहेर कडक ऊन आहे. खिडकीच्या दोन्ही कडांना बोटभर रुंदीची सावली उभी आहे, वरपासून खालपर्यंत सरळ. पडदे सरकवून बघितले. पडद्यांची नाही.

१३ तारीख, बुधवार

सावली वाढली. मी घड्याळजी आहे, अंदाजावर बोलत नाही, म्हणून सोमवारपासून रोज मोजपट्टीने मोजतोय. मंगळवारपर्यंत प्रत्येक बाजूला साडेचार मिलिमीटर वाढली, आजपर्यंत आणखी साडेचार. त्यांच्या जहाजाची पट्टी किती रुंद असते तेही मोजलं. साडेचार.

उगाच मोजलं.

तोंडात दिवसभर गोंदाची चव आहे. चहाही तसाच लागतो. जावईबापूंनी आज दोनच कप चहा केला, त्यांचा आणि तिचा. मी नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा उठून गेलो. चिमणी आपला कप घेऊन माझ्या मागे आली आणि त्यातला अर्धा मला दिला. त्यांच्या चुकीचा मला फायदाच झाला म्हणायचा.

१६ तारीख, शनिवार

चिमणीला कमी दिसतंय. कडेचं दिसत नाही म्हणते, दोन दारांच्या फटीतून बघितल्यासारखं. तिच्याच दुकानात डोळे तपासले. नंबर तोच, डोळे ठणठणीत. दुसरी गोष्ट तिने हसत सांगितली, पण हसू काही खरं नव्हतं. गिऱ्हाइकं तिच्यासमोर उभी राहतात आणि पलीकडच्या मुलीला हाक मारतात. मालकाने काल दुकान बंद केलं तेव्हा ती आतच होती. काचेवर थापा मारल्या तेव्हा कुलूप उघडलं.

तिच्या अंगाला गोंदाचा वास येतो. टाचण्या देते म्हणून येत असेल. तसंच असेल.

१८ तारीख, सोमवार

पुस्तिका वाचून काम करणाऱ्यांपैकी मी नव्हे. कारागीर वस्तू बघतो, कागद नाही. आयुष्यभर हेच ऐटीत सांगत आलो. आज ते दोघं गेल्यावर पुस्तिका उघडली. ती ओळ सापडली. तिच्याखाली आणखी तीन ओळी आहेत, बारीक अक्षरात, त्या त्यांनी वाचून दाखवल्या नव्हत्या. त्यांना गरजच नव्हती. त्यांनी बरोबरच लिहिलं होतं.

बांधणाऱ्याचं नाव वर असेल तर खाली ज्यांची नावं ते त्याचे सोबती, जहाज बाहेरून त्यांचं. बांधणाऱ्याचं नाव नसेल तर आत ज्यांची नावं तो माल. माल शेवटच्या पट्टीबरोबर आत जातो. पट्ट्या लागायला सुरुवात झाल्यावर जहाज मोडू नये, मोडल्या जहाजातला माल बुडाला असं समजावं.

तीनदा वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

१९ तारीख, मंगळवार

सांगायला हवं. एका वाक्याचं काम आहे. जावईबापू, तुमचं नाव मी खोडलं, ते परत वर लिहा.

पण चिमणी शेजारी बसलेली असते. ती विचारेल, का खोडलं? मग काय सांगू? तुझ्या हातातल्या टाचण्या मला बघवत नाहीत म्हणून? सासरा जळतो हे जावयाला कळलं तरी चालेल एक वेळ. तिला कळलेलं नाही चालणार. ती माझ्यावर चिडणार नाही, तिला माझी कीव येईल. नंतर त्यांच्या खोलीत दोघं हळू आवाजात माझ्याबद्दल बोलतील.

उद्या त्यांना एकट्याला गाठतो.

२० तारीख, बुधवार

गाठलं. सगळं सांगितलं, दोनदा, त्यांच्या तोंडासमोर उभं राहून. ते पट्टी वाकवत होते. मान वर केली, माझ्यातून पलीकडे पाहिलं, खिडकी लावून घेतली. वारा आला असं वाटलं असावं.

मग स्वतःच्या हाताने कोरायला गेलो त्यांचं नाव. माझ्या नावाच्या वर जागाच नाही. तिथे मीच माझं नाव कडेपासून कडेपर्यंत मोठं कोरलंय. घासून काढावं तर उरलेल्या फटीतून कानस आत जात नाही.

चिमणीला अजून मी दिसतो, ऐकूही येतो. तिला म्हटलं, आज काम थांबवायला सांग त्यांना. तिने सांगितलं. ते शीळ घालत गोंद लावत राहिले. मग तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी खांदा चोळला, ऊब लागल्यासारखा. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यांनी रात्रीच्या जेवणाला एकच ताट घेतलं. न्हाणीघरातले तीन टॉवेल बघून स्वतःशीच पुटपुटले, एवढे कशाला काढले मी.

२१ तारीख, गुरुवार

एक शेवटची पट्टी राहिली आहे. फट साडेचार मिलिमीटर.

ते ऑफिसात. चिमणी कामावर गेलीच नाही, माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. माझ्या खिडकीचीही तेवढीच फट उरली आहे, उजेडाची एक उभी रेघ. तिच्यात बसून लिहितोय.

लांब सुई आत जाते. करून बघितलं. भिंग लावून आत पाहिलं. माझं नाव वर, आडोशाला, तिथे पोचत नाही. तिचं खाली आहे. तिथे पोचते. वीस मिनिटांत खरवडून निघेल. ती बाहेर राहील.

सुई तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवली —

आणि डोक्यात आलं की उद्या संध्याकाळी ती त्यांच्याशेजारी बसेल. चहाचे दोन कप. शिडं लावायची असतील, ती दोरे देईल, मागायच्या आत. आपल्याला बाप होता हे हळूहळू तिलाही आठवेनासं होईल. माझी खोली ते रंगाच्या डब्यांसाठी घेतील.

सुई काढून घेतली.

उद्या सकाळी. ते गेले की लगेच. आता उजेड कमी पडतोय, चूक होईल. शपथेवर, उद्या सकाळी. एक संध्याकाळ तर जायची आहे, आणि आज त्यांना ऑफिसातून यायला उशीर होतो, गुरुवारी होतोच —

तारीख तीच, संध्याकाळ

लवकर आले. पट्टी भिजत घातली आहे.

मी सुई घेऊन धावलो. टेबलाच्या कडेपर्यंतच जाता येतं. पुढे लाकूड लागतं. दिसत नाही, हाताला लागतं —

शीळ घालतायत —

टाचण्या ठोकल्याचे आवाज. एक. दोन. माझ्या डोक्यावर —

तारीख माहीत नाही

अंधार. अंदाजाने लिहितोय. पाठीशी बरगडी आहे, बोटाला माझं नाव लागतं, माझंच अक्षर.

चिमणी आहे. जवळच आहे, तिचा श्वास ऐकू येतो. कबूल करतो, पहिल्यांदा बरं वाटलं. लाज वाटते लिहायला पण वाटलं. दोघंच, आधीसारखं. म्हटलं, घाबरू नकोस बाळा, मी आहे ना.

पुन्हा

तिने माझा हात झटकला.

तिलाही नावं सापडली आहेत. बोटं फिरवून वाचली. वर कुणाचं, खाली कुणाचं. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. विचारलंच नाही.

पुन्हा

ती फळ्यांवर ठोकतेय. सारखी. बाहेर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज, मधेच शीळ. मी तिच्या बाजूला सरकतो तशी ती लांब सरकते. इथे लांब जायला जागा ती किती, तरी सरकते.

मी हाका मारतोय, चिमणे, मी इकडे, बाबा इकडे आहे. तिला ऐकू येतं. माहीत आहे मला येतं ते.

आता तीही हाक मारतेय. ओरडून. घसा फाटेपर्यंत —

मला नाही —

मला नाही, त्याच्या नावाने, पुन्हा पुन्हा त्याच्याच ना