कुरकुरायला जागा नाही

६ फेब्रुवारी १९९७
जर्मन पाहुण्यांचे बोलणे मी मेश्रामला मराठीत नेमके काय करून सांगितले, ते दामले साहेबांनी लेखी मागितले आहे. कारण मेश्रामने नोकरी सोडली. राजीनाम्यात एकच ओळ : 'माझे काम पसंत पडले नाही म्हणून.' साहेबांचा कागद चार ओळींत होईल. त्याआधी इथे खरे लिहून ठेवते.

मेश्राम भंडाऱ्याचा. मोटारीच्या दिव्याच्या काचेचा साचा त्याने तीन महिने हाताने घासला. ड्रॉइंगवरच्या जर्मन टिपा मी त्याला रोज वाचून दाखवत असे. शेवटी साचा असा झाला की त्यात माझा चष्मा दिसला. हे त्याला बोलले नाही.

जर्मन पाहुणे, क्रूगर, आले. भिंग लावून अर्धा तास पाहिले आणि एवढेच म्हणाले, की यावर कुरकुर करता येणार नाही. त्यांच्याकडे याच्या पुढे कौतुक नसते. पंचवीस वर्षे जर्मन शिकवली आहे, मला ठाऊक होते. मी सांगितले, "कुरकुरायला जागा नाही."
मेश्राम : "बस? इतकंच म्हनले का जी, बाई?"
"इतकंच. मीठमसाला लावायला मला ठेवलेलं नाही."
भाषांतर अचूक होते.

७ फेब्रु.
कागद दिला. साहेबांनी दोनदा वाचला.
"यात चूक कुठंय, बाई?"
"नाही."
"मग का गेला?"
"आपण पुण्यात असंच बोलतो. त्याला कळायला हवं होतं."
"अहो, सहा वर्षं झाली त्याला इथं. अजून दुकानदार 'नाही' म्हणाला की त्याचा दिवस खराब जातो."
हसले. मीही हसले. कँटीनमध्ये चहा घेताना लक्षात आले : क्रूगरचे मला न सांगताही कळते. समजावून सांगायचे होते ते मेश्रामला, आणि तेवढेच राहिले.

१० फेब्रु.
क्रूगरचे पत्र. पुढचे चार साचे त्याच हातांनी व्हावेत. त्या माणसाला सहा आठवडे त्यांच्या कारखान्यात पाठवा, नाव वीस तारखेपर्यंत कळवा. सुरुवातीला पुन्हा तेच कुरकुरीचे वाक्य.
साहेब : "मेश्राम नसेल तर भोसलेचं नाव घाला."
भोसलेही साच्यांचा चांगला कारागीर आहे. पण पत्र भोसलेसाठी नाही. वीसपर्यंत थांबा म्हटले. साहेबांना आजवर काही मागितले नव्हते. थांबतो म्हणाले, एकवीसला नाही.

११ फेब्रु.
नीलाचा फोन. लेकीला सगळे सांगितले, वाटले बाजू घेईल.
"आई, माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा तू काय म्हणालीस?"
"मार्क बरे आहेत म्हटलं. बरे म्हणजे खूपच की!"
"ते तुला माहीत."
मग नातीच्या खोकल्यावर बोललो.

१३ फेब्रु.
अर्धी रजा. खडकीला मेश्रामांच्या घरी गेले. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मेव्हण्याकडे राहतात. मेश्राम नव्हते. पत्नी दारात.
"तुमीच का त्या जर्मनवाल्या बाई?"
हो म्हटले. बसा म्हणाली, पाणी दिले.
"गावाले गेले. परवा येतो म्हनत होते, आता का सांगावं. तिकडंच काम पाहतो म्हनले."
मी पत्राचे सांगू लागले. ती मध्येच म्हणाली, "गोऱ्याचं तं सोडाच जी. ते म्हनत होते, बाईले आवडलं असतं तं त्या बोलल्या असत्या. तीन महिने बाजूले बसून होत्या."
पाणी पिऊन उठले.

मेश्रामांच्या पत्नीच्या हाती दिले :
क्रूगरचे पत्र, मूळ.
मराठी भाषांतर, दोन पाने, माझ्या अक्षरात. ते वाक्य तसेच ठेवले आहे. खाली लिहिले : 'याहून मोठे कौतुक ते करत नाहीत. मला त्या दिवशी ठाऊक होते. साच्यात माझा चष्मा दिसला होता. वीस तारखेच्या आत या.'
पोच घेतली नाही.