वाळवीच्या घरचा शिपाई

मुक्काम तांडा, डोंगरकड्याशेजारी
दिवाळीआधीचा सोमवार, सन १९४१

माझा जिवाचा दोस्त महेबूब मिस्त्री, हिंगोली, यास हरिचंदाचा आधी सलाम आणि मग रामराम (तू दोन्ही घेतोस, म्हणून दोन्ही पाठवले). इकडे बैल, बकऱ्या आणि मी खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? फातिमाभाभींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर तांड्यावरचा मध पाठवतो. विचारपूस झाली, आता भांडणाला सुरुवात करतो.

चार वर्षांमागे तू आम्हाला सागवानी पेटी करून दिलीस आणि छातीठोकपणे सांगितलंस, की सागवानाला वाळवी तोंड लावत नाही. आमच्या वाळवीला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. पेटीत भिकाबाईने आपल्या लग्नातला फेटिया (तुला माहीत आहे, आमच्या बायकांचा कवड्या-आरशांचा घागरा) आमच्या रुख्मिणीच्या लग्नासाठी जपून ठेवला होता. गेल्या बुधवारी झाकण उघडलं, तर कापडाची माती झालेली आणि त्या मातीत आरसे अन् कवड्या तेवढ्या शाबूत. भिकाबाई रडली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती, तेवढं मला येतं. तिने आरसे-कवड्या ओढणीत बांधल्या, लेकीला संगं घेतलं आणि कुरुंद्याकडे भावाच्या तांड्यावर निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता लग्नालाच येईन. तुमचं तुमी बघा." लग्न माघात आहे, मिस्त्री! तोवर मी जगतो की नाही, हाच प्रश्न आहे.

मग मी सूड घ्यायचं ठरवलं. घरामागे बाभळीखाली कमरेएवढं वारूळ आहे. कापूस बघायला आलेले शेतकी खात्याचे नासेरसाहेब म्हणाले, "राणी को निकालो, बस, सब खतम." त्यांना बाजेवर बसवून मी कुदळ घेतली. पहिल्याच घावाला मोठ्या डोक्याचे किडे बाहेर आले आणि माझ्या अंगठ्याला असे डसले, की मी नासेरसाहेबांच्या बाजेवर चढलो (बाज मोडली, तिचं नंतर बघू).

साहेब खाली पडल्या-पडल्या समजावू लागले. म्हणाले, हे शिपाई. अंडी सगळी एकाच आईची, पण जन्मतःच सगळ्यांचं ठरलेलं नसतं. शिपाई कमी पडले की काही पिल्लं शिपाई होतात, पुरेसे असले की बाकीची कामकरी होतात. कामकरी माती वाहतो, लाकूड आणतो, अंडी सांभाळतो. शिपायाचं डोकं मोठं, जबडा त्याहून मोठा, पण त्या जबड्याने त्याला स्वतःला खाता येत नाही! कामकऱ्याने तोंडात घास घालावा तेव्हा त्याचं पोट भरतं. महेबूब, मी तेव्हा दोन दिवस फुटाण्यांवर होतो आणि सकाळपासून बकऱ्यांवर ओरडत होतो. मला माझी जात कळली. मी हळूच विचारलं, शिपायाचा पुन्हा कामकरी होतो का? साहेब म्हणाले, पक्का झाला असेल तर नाही. कोवळं पिल्लू असेल तर कशातही वाढू शकतं. (माझं वय बेचाळीस. पण भिकाबाई मला अजून लेकरूच म्हणते, तेवढीच आशा.)

शेवटी राणी सापडली. बोटाएवढी जाड, जागची हलू शकत नाही. मातीच्या एवढ्याशा खोलीत तिच्या अंगाला लागून एक लहानसा किडा बसला होता. साहेब म्हणाले, तो राजा. तो तिला सोडून जन्मात कुठे जात नाही. कुदळ माझ्या हातात तशीच राहिली. मला भिकाबाईची फार आठवण आली. मी ती खोली होती तशी झाकली आणि वर माती लोटली. साहेबांना वाटलं मला ऊन लागलं.

तेव्हापासून मी भाकरी करून राहिलो आहे. पहिली भाकरी बैलाने हुंगून सोडली, तिसरी त्याने खाल्ली, पाचवी मी. घरात बाज, कणगी, जातं, खुराडं, सगळ्यांखाली विटा लावल्या आहेत, कारण वाळवी जमिनीतूनच वर चढते. आता घरात चालणारा माणूस ठेचाळतो, पण वाळवीचं काही चालत नाही. असो. भाभींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
हरिचंद

ता. क. भांडण मागे घेतो. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. तू पेटीला पाय लावत होतास, तेव्हा "पाय काहून? तिला कुठं जायचंय?" असं म्हणून तुला थांबवणारा मीच. नवी पेटी कर, चांगले वीतभर पाय लाव, त्यांना बिब्ब्याचं तेल पाज आणि स्वतः कुरुंद्याला नेऊन भिकाबाईला सांग, की मागच्या खेपेला पाय लावायला तूच विसरला होतास. एवढं खोटं दोस्तीखातर बोल. त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

आणखी ता. क. खोटं बोलू नकोस. पत्र टपालात पडायच्या आधीच भिकाबाई आली. (बैलांची काळजी वाटली म्हणे.) मी तुला थांबवलं तेव्हा ती दाराआडच उभी होती, चार वर्षं तिला ठाऊक आहे. म्हणाली, "पेटीला पाय न्हवते, मला व्हते. म्हून गेले." मी खाली मान घालून तिच्यापुढे भाकरी ठेवली. एका अंगाने करपलेली, दुसऱ्या अंगाने कच्ची. तिने सगळी खाल्ली, तुकडाही ठेवला नाही. मग रुख्मिणीकडे बघून म्हणाली, "कोवळं हाय अजून. व्हईल कामकरी." वाळवीचं तिला कोणी सांगितलं, म्हणशील तर सांगतो: ती आल्या-आल्या मीच सगळं सांगितलं, जबडा काही गप्प बसत नाही.