पेटीतून काही निघालं नाही

२० जुलै १९८६, रविवार

ठरलं. घराच्या पुढच्या भिंतीवर लाकडी लेटर बॉक्स लावायचा. विकतचा नाही, स्वतःच्या हातानं बनवायचा.

कारण असं की शालिकराम पोस्टमन सायकलवरून उतरत नाही. कंपाउंडच्या बाहेरूनच पत्र आत भिरकावतो. शुक्रवारी नलिनीच्या भावाचं, मुकुंदचं, सौंसरहून कार्ड आलं ते थेट चिखलात. शाई पसरली. तो येऊन राहिला की येत नाही, हे घरात कोणालाच कळलं नाही. मुकुंदचं ठीक आहे. पण नलिनीनं मास्तरणीच्या नोकरीचा अर्ज भरला आहे आणि छिंदवाड्याहून इंटरव्ह्यूचं पत्र कधीही येऊ शकतं.

नलिनी म्हणाली, शेजारच्या कलाबाई दिवसभर ओसरीवरच बसलेल्या असतात, शालिकरामला म्हणावं त्यांच्या हाती देत जा. मी नाही म्हटलं. आपल्या घरचं टपाल दुसऱ्याच्या ओसरीवरून काहून यावं? शाळेत क्राफ्टमध्ये माझा हात चांगला होता. एका रविवारचं काम.

शालिकरामला बजावलं की आता पत्र आत फेकायचं नाही. पेटी तयार होईपर्यंत मला हातोहात द्यायचं. तो म्हणे, बरं साहेब.

२३ जुलै, बुधवार

सहकारी सोसायटीच्या ऑफिसातून येताना बाजारातून संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्या आणल्या. सोसायटीतल्या वामनकडून करवत, रंधा, पटाशी. वामननं विचारलं, तुम्हाला येते का? हसलो फक्त.

संध्याकाळी खिळे ठोकायला घेतले. फळ्या चिरल्या. लाकूडच तसं. संत्री नेण्यापुरतं ठीक, टपालासाठी नाही. बरं झालं, आधीच कळलं.

२७ जुलै, रविवार

चांगलं लाकूड घरातच निघालं. सागवानी. नलिनीच्या बी.एड.च्या पुस्तकांचा शेल्फ होता, तो काढला. पुस्तकं खाली सतरंजीवर नीट रचून दिली. खाली उलट हाताशी राहतात.

ती कलाबाईकडून आली आणि भिंतीकडे पाहत राहिली. मी म्हटलं, तुझ्याच पत्रासाठी चाललं आहे सगळं. ती म्हणाली, हो, दिसून राहिलं.

तिला आज बरं नसावं.

३ ऑगस्ट, रविवार

पेटी पूर्ण. फक्त रंग बाकी.

दोन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या. एक, पत्र टाकायच्या फटीच्या आत मी एक तिरपी पट्टी बसवली आहे. पत्र सरळ खाली जातं, पण कोणी चोर बोटं घालून काढू म्हणेल तर काढू शकत नाही. ही कल्पना पूर्ण माझी. दोन, पुढचं दार इतकं घट्ट बसलं की मध्ये पोस्टकार्ड जात नाही. सुताराचं दार कधी असं बसत नाही.

कलाबाई ओसरीवरून म्हणाल्या, रवींद्रभाऊ, चिमण्यांसाठी केलं का? मी दार उघडून लावून दाखवलं.

६ ऑगस्ट, बुधवार

लाल ऑइल पेंट. दार बंद करून मगच रंगवलं, म्हणजे सगळीकडे एकसारखा हात बसतो. सांधा दिसतसुद्धा नाही. पेटी एकाच लाकडातून कोरल्यासारखी वाटते. भिंतीवर चढवली. लगेच पाऊस लागला, पण ऑइल पेंटला पाण्याचं काय?

७ ऑगस्ट, गुरुवार

आलं. सोसायटीच्या दारात शालिकरामनं हातात दिलं. खाकी लिफाफा, वर नलिनीचं नाव टाइप केलेलं, छिंदवाड्याचा शिक्का. म्हणे, साहेब, सरकारी दिसते, आजच द्या बाईंना.

दिवसभर खिशात होतं. कामात लक्ष लागलं नाही. लोकांच्या घरी असं पत्र आलं की आनंद होतो. मला झालाच. फक्त तो लगेच जाणवला नाही.

घरी आलो तर नलिनी विहिरीवर. तेव्हा वाटलं, हातात देण्यात काय मजा? पेटीत टाकावं, मग तिला म्हणावं, जा, पाहून ये. पेटीचं उद्घाटनही होईल. टाकलं. आत पडल्याचा आवाज छान आला.

मग दार उघडून पाहिलं. उघडलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रंग चिकटला आहे आणि ओलीनं लाकूड फुगलं आहे. दोन्ही गोष्टी तात्पुरत्या. ऊन पडलं की दार आपोआप सुटेल. नलिनीला सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर लागेल तिच्या.

१० ऑगस्ट, रविवार

ऊन नाही. ती आंघोळीला गेली तेवढ्यात विणायची सुई फटीतून घालून पाहिली. लिफाफ्याला लागते, पण तिरपी पट्टी वर येऊ देत नाही. पट्टी फारच उत्तम बसली आहे.

पटाशीनं दार उचकता येईल, पण कड जाईल. इतक्या मेहनतीची वस्तू घाईत खराब करण्यात अर्थ नाही. सरकारी कामात भरपूर मुदत देतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वंदना म्हणून नलिनीची मैत्रीण आहे सौंसरची. दोघींनी एकाच दिवशी अर्ज भरले होते. आज तिचा निरोप आला की तिला पत्र मिळालं, इंटरव्ह्यू अठरा तारखेला, सोबत जाऊ.

नलिनीनं निरोप ऐकला आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडून राहिली होती. मग विचारलं, काही आलं नाही ना?

मी म्हटलं, पेटीतून काही निघालं नाही.

हे शब्दशः खरं आहे. मी खोटं बोलत नाही.

जेवली नाही ती.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी ती म्हणाली, माझं नाव कटलं असेल. मी म्हटलं, असं काही नाही, येईल. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत? मी म्हटलं, मला वाटते. त्यावर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी चहा संपवला. चहा फार गरम होता.

आज संध्याकाळी उघडतोच. कड गेली तर गेली.

संध्याकाळी मुसळधार. विजेच्या कडकडाटात लोखंडी हत्यार हाती धरू नये.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. सोसायटीत माझं स्वावलंबनावर छोटं भाषण झालं. टाळ्या बऱ्या पडल्या.

भाषणात सगळा वेळ पेटी डोळ्यांपुढे. आत लिफाफ्याला ओल लागली असेल का? शाई पसरली तर? बोलता बोलता एकदा स्वावलंबनाच्या ऐवजी छिंदवाडा म्हणालो. कोणाच्या लक्षात आलं नसावं. वामन पाहून राहिला होता.

घरी आलो तर नलिनी पेटीसमोर उभी. फटीत डोळा लावून. म्हटलं, काय करून राहिली? ती म्हणाली, काही नाही, आत अंधार आहे. मी म्हटलं, पेट्यांमध्ये असतोच.

उद्या शनिवार. उद्या ऑफिसला उशिरा जाऊ, पण हे काम आधी.

१६ ऑगस्ट, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी पटाशी घेऊन बाहेर आलो तर शालिकराम गल्लीतून चालला होता. नलिनी फाटकाशी गेली आणि तिनं त्याला थांबवलं. विचारलं, भाऊ, छिंदवाड्याचं माझं काही पत्र हरवलं तर नाही ना तुमच्याकडून? तो बिचारा घाबरलाच. म्हणे, बाई, असं कसं म्हणता, ते तर मागच्या गुरुवारीच साहेबांच्या हातात दिलं ना मी, साहेब उभे आहेत, विचारा. आणि माझ्याकडे पाहून राहिला.

ओसरीवर कलाबाईंचं सुपातलं पाखडणं थांबलं.

नलिनीनं मला विचारलं, कुठं आहे? आवाज अगदी हळू. मी पेटीकडे हात केला. समजावून सांगितलं, उद्घाटनाचा विचार होता, मग रंग, मग ओल, मग पट्टी. क्रम बरोबर सांगितला. माझं संपल्यावर म्हणाली, फोडता का?

मी म्हटलं, जरा थांब, सांध्यातून सोडवतो, सागवान आहे. ती आत गेली. वाटलं, रडायला गेली. ती पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली.

दार पहिल्या घावात फुटलं नाही, इतकं घट्ट होतं. हे मी तेव्हा बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं.

लिफाफ्याला कडेनं लाल रंग लागला होता. आत अक्षरं शाबूत. सोमवारी, अठरा तारखेला, सकाळी, छिंदवाडा. तिनं उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवलं. शालिकरामला म्हणाली, भाऊ, तुम्हाला उगाच बोलले. तो सायकल हातात धरून चालतच गेला.

मग तिनं मला विचारलं, मी जाऊ नये असं वाटत होतं का तुम्हाला?

मी म्हटलं, काहीतरीच. लगेच म्हणायला पाहिजे होतं. आधी हातातली पटाशी खाली ठेवली. 

१७ ऑगस्ट, रविवार

मी तिला सौंसरपर्यंत सोडणार होतो, हे रात्रीच ठरवलं होतं मनाशी. ती कपडे आणि सर्टिफिकेटं बांधून राहिली होती तेवढ्यात भिंतीवरचे फुटके तुकडे काढून घ्यावे म्हटलं, जाता-येता कोणाला लागायचे. एक खिळा निघेना. तो काढून आत आलो तर घरात कोणी नाही. कलाबाई म्हणाल्या, गेली स्टँडवर, मीच पिशवी दिली उचलून.

पळत गेलो. बस चौकातून वळताना दिसली. हात केला. तिनं पाहिलं नसावं.

पोळ्या डब्यात करून ठेवल्या होत्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

इंटरव्ह्यू काल झाला असणार. आज राखी आहे, म्हणून ती मुकुंदकडेच थांबली. कलाबाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मी कुठं विचारलं?

२४ ऑगस्ट, रविवार

नलिनी आली. इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणते. एवढंच म्हणते. मीठ द्या, पाणी तापलं, दूध आलं नाही, इतपत बोलणं आहे. मी शेल्फसाठी नवीन फळी आणू का विचारलं. राहू द्या म्हणाली.

आधी आमच्या घरात इतकी शांतता नव्हती. अभ्यासाला चांगली आहे. अभ्यास कोणाला करायचा आहे ते माहीत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पोळा आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार, नदीतली ती दगडफेकीची जत्रा, आटोपले. गाव आता कुठं मोकळं झालं.

नेमणुकीची ऑर्डर आली. मोहगावची शाळा. शालिकराम सायकलवरून उतरला, फाटक उघडून आत आला आणि थेट नलिनीच्या हाती दिली. मी तिथंच होतो. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. ती हसली, मला वाटतं महिन्याभरात पहिल्यांदा. शालिकरामकडे पाहून हसली.

ती मुकुंदकडे राहून सौंसरहून जाणं-येणं करणार. शनिवारी इकडे येणार. मी म्हटलं, माझी काहीच हरकत नाही. ती म्हणाली, मी विचारलं नव्हतं. रागानं नाही म्हणाली, तांदूळ किती टाकू विचारतात तसं.

सोसायटीत पेढे वाटले. सांगितलं, माझा पहिल्यापासून आग्रह होता. वामननं पेढा घेतला आणि म्हणाला, करवत परत द्या.

२० सप्टेंबर, शनिवार

आली नाही. शाळेत काहीतरी कार्यक्रम. चिठ्ठी पाठवली कोणाहाती. चिठ्ठी छान आहे. दोन ओळी आहेत.

दिवसभर एक गोष्ट डोक्यात फिरून राहिली. तिला नीट काही सांगितलंच नाही मी. रंगाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. ते पत्र दिवसभर खिशात घेऊन फिरलो तेव्हा मला काय वाटत होतं, ते नाही सांगितलं. घरात एकटा कसा राहू असं वाटत होतं. हे काही फार मोठं वाक्य नाही. बुधवारी रजा टाकतो आणि मोहगावला जाऊन सांगून येतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट.

२४ सप्टेंबर, बुधवार

गेलो. वाक्य बसमध्ये पाठ केलं.

शाळेच्या फाटकात चपराशानं अडवलं. कोण पाहिजे? म्हटलं, नलिनीबाई. म्हणे, पालक का? म्हटलं, मिस्टर. तो म्हणे, वर्ग चालू आहे, निंबाखाली बसा. बसलो. गेरू लावलेल्या बुंध्याला टेकलो. खिडकीतून तिचा आवाज येत होता. घरी इतक्या मोठ्यानं ती कधी बोलत नाही. पोरं तिच्यामागं म्हणत होती, सगळी एकदम.

मधल्या सुट्टीत बाहेर आली. हाताला खडू. मला पाहून दचकली. विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, सहज आलो, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आलो होतो. ती म्हणाली, जामसांवली इकडे कुठं? मी म्हटलं, हो, तेच.

ती थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, तुझा आवाज चांगला पोचते. ती म्हणाली, शेवटच्या बाकापर्यंत पोचवावा लागतो. मग घंटा झाली. म्हणाली, येत्या शनिवारी येते, शर्टाला मागं गेरू लागला, झटका. आणि वर्गात गेली.

वाक्य शनिवारी सांगेन. शनिवारी निवांत असतो.

परतीची बस खचाखच. कंडक्टर म्हणे, मोहगावला कोण असते तुमचं? म्हटलं, शाळेत नवीन बाई आल्या, त्या आमच्या घरच्या. त्याची पोरगी तिच्याच वर्गात निघाली. त्यानं लगेच एकाला उठवून मला खिडकीची सीट दिली. बसा म्हणे, बाईंचे मिस्टर.

शर्ट पाहून दिली असणार. पांढऱ्या शर्टाचा फरक पडतोच.