काचेची बाजू खिडकीकडे

अण्णा, तुमच्या धाकट्याने कॉम्प्युटर बांधला. बांधला हा शब्द त्याचाच. तुम्ही होता तेव्हा आपण टीव्हीसुद्धा शेजाऱ्यांकडे बघायला जायचो, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे काय इथपासून सांगायला हवं. पण तुमच्या कंपनीतल्या लेथ मशीनच्या भाषेत सांगितलं तर तुम्हाला लगेच कळेल. काम जोरात चाललं की त्याच्या आतला एक तुकडा तापतो, तुमचं टूल तापायचं तसा. साध्या यंत्रात त्याच्यावर पंखा असतो. याने पाणी खेळवलं आहे. एक छोटा पंप, पाण्याची उभी टाकी, बोटाएवढ्या पारदर्शक नळ्या, आणि तापलेलं पाणी निववायला गाडीला असतो तसा रेडिएटर. हे सगळं काचेच्या पेटीत, आणि पेटीभर रंगीत दिवे: पंख्यांच्या कडांना, टाकीच्या तळाशी, कोपऱ्याकोपऱ्यांत. त्या सगळ्यांना एकच हुकूम जातो, आणि रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत गेल्यासारखा दिसतो. बघायला छान आहे. मी बसून बराच वेळ बघितलं.

मी आता सांगवीला असते. आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं, रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला पान छपाईला सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अजूनही घरून थोडं काम करते. तो मोशीला, शेतं जाऊन उठलेल्या नव्या सोसायट्यांपैकी एकीत, सहाव्या मजल्यावर राहतो. त्याचा फोन आला की ताई, रविवारी ये, तुझे हात लागणार आहेत. मी म्हटलं, मला बल्ब बदलता येत नाही, माझे हात घेऊन काय करशील. तर म्हणाला, हात म्हणालो, पण डोळे पाहिजेत.

त्याच्या डोळ्यांचं फक्त मला माहीत आहे. तुमचंच दुखणं आहे, अण्णा. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेकडेनं दिसणं सरत जातं, आणि शेवटी नळीतून बघावं एवढंच समोरचं उरतं. आपण त्याला रातांधळेपणा म्हणायचो आणि आई तुम्हाला शेवग्याच्या पाल्याची भाजी करून घालायची. आता त्याला लांबलचक नाव आहे आणि तपासायला मोठं यंत्र आहे. उपाय तेव्हा नव्हता, आताही नाही. डॉक्टर घाई न करता बोलले, वडिलांकडून आलंय म्हणाले, काम बदलायला सांगितलं आणि गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. बाहेर रिक्षाची वाट बघताना तो मला म्हणाला, तुला नाही आलं हे बरं झालं, नाहीतर पानं कोणी सोडली असती. मी हसले. दुसरं काय करणार होते.

काम त्याने बदललेलं नाही. चाकणला एका कंपनीत गाड्यांचे रंगवलेले पत्रे तपासतो. पांढऱ्याशुभ्र नळकांडी दिव्यांखाली पत्रा येतो, त्यावर धुळीचा कण, रंगाचा ओघळ, केसाएवढा ओरखडा शोधायचा. समोरचं त्याला अजून स्वच्छ दिसतं, त्यामुळे कंपनीच्या वार्षिक तपासणीत तो तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचतो आणि पास होतो. कडेचं दिसतं का, हे तिथे कुणी विचारत नाही. पण कारखान्यात माल उचलणारी फोर्कलिफ्ट कडेनंच येते. आणि नाशिक रस्त्यावर कंटेनरही. त्याच्या कंपनीची बस मोशीतून जात नाही, म्हणून तो मोटरसायकलवर जातो. बरोबर काम करणारा एक जण पुढे असतो, त्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून हा जातो. दिवा डोळ्यांसमोरून हलू द्यायचा नाही, एवढंच त्याचं तंत्र आहे. त्या माणसाला वाटतं, याला झोप अनावर झालेली असते.

तर रविवारी आम्ही बसलो. नळ्या सरळ येतात, त्या गरम हवेच्या बंदुकीने तापवून वाकवाव्या लागतात, आणि वाकवताना चपटू नयेत म्हणून आत रबरासारखी दोरी घालतात. मी बंदूक धरायची, नळी तो वाकवणार. पहिल्या काही नळ्यांची आम्ही जिलेबी केली. चहा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही तरी ह्याला अडवाल असं वाटलं होतं. तुम्हीच भट्टी पेटवून बसलात." मग त्याला म्हणाली, चाळिशी उलटली की लोक शुगर तपासतात, आमच्याकडे खेळणी येतात. तो मान खाली घालून हसत होता. तिचा राग वरवरचा नव्हता, पण ती बोलते मात्र गोड. आत परतताना तिने उंबऱ्यापाशी पडलेली कात्री उचलून कपाटावर ठेवली आणि मला हळूच म्हणाली, वस्तू इकडची तिकडे झाली की हा हल्ली फार ओरडतो हो.

आपल्या काळेवाडीच्या खोलीत तुम्ही माझ्यावर असेच एकदा ओरडला होता. मी भरलेला हंडा मोरीजवळ न ठेवता दाराच्या वाटेत ठेवला. तुम्ही सेकंड शिफ्टहून येता, हंडा लवंडतो, पाणी चुलीपर्यंत जातं, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून मला बोल लावता. मी रडत बसते. मग आई फरशी पुसत असताना तुम्ही खाली बसून मला जवळ घेता आणि जे सांगता ते मी कुणाला म्हणून सांगितलेलं नाही. तुम्हाला कंपनीतला सोबती खांद्यावर हात ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडायचा, तिथून तुम्ही भिंतीला हात लावत, पाय चाचपत यायचा, आणि अख्खी चाळ म्हणायची की हा रोज पिऊन येतो. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे की. पिनाऱ्याला कंपनी शिव्या घालती पन ठेवती. आंधळ्याला घरी बशिवती." दुसऱ्या दिवसापासून कधी सोबती नसला की तुम्हाला आणायला मी येऊ लागले. तुमचा हात माझ्या खांद्यावर, आणि ओट्यावर बसलेल्या बायका माझ्याकडे दयेनं बघताहेत. एकदा तर तुम्ही त्यांच्यासमोर मुद्दाम जरा जास्त झोकांडी खाल्लीत आणि मला कोपरखळी मारलीत. मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

पाणी भरलं की आधी परीक्षा असते. बाकी सगळ्याची वीज तोडून फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. कागद ओला झाला तर जोड गळतोय. त्याने पाणी निवडलं होतं ते दुधासारखं पांढरं. दुकानदार म्हणाला होता की हे काही महिन्यांनी तळाशी बसतं, नळ्या तुंबतात, साधं घ्या. याने तेच घेतलं. ते नळ्यांतून वर चढू लागलं तेव्हा मला लगेच ओळखू आलं, तुमच्या लेथवर टूल निववायला त्याच्या टोकाशी अखंड सांडायचं तेच हे पाणी दिसत होतं. तुमच्या शर्टाला त्याचा वास असायचा. याला मात्र कसलाच वास नाही. तो गुडघ्यांवर बसून एकेक जोड बोटांनी चाचपत होता आणि मी कागद तपासत होते. सगळे कोरडे होते. त्या दुपारी तो खरोखर आनंदात होता, अण्णा. हे लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना विसरायला होईल.

मग दिवे. पंख्यांच्या बारीक वायरी एकीतून दुसरीत ओवत न्यायच्या असतात, क्रम चुकला की रंग मध्येच उडी मारतो. पेटीच्या आतल्या अंधारात टोकाची पिन कुठल्या बाजूला आहे हे त्याला दिसेना, ते काम माझं. लावून झालं, बटण दाबलं, आणि जांभळा रंग डावीकडून निघून सगळ्या पंख्यांवरून, टाकीवरून फिरत उजव्या कोपऱ्यात गेला, मागोमाग निळा आला. तो मान कोंबडीसारखी थोडी थोडी वळवत एकेक पंखा बघत होता. "ताई, एका लाटेत जातंय ना?" मी म्हटलं, जातंय की, समोर तर आहे. तो म्हणाला, "मला एका वेळी एकच पंखा दिसतो गं. तो रंग बदलतो एवढं कळतं. कुठून आला, कुठे गेला, ते तू सांग." मी सांगत राहिले. आता डावीकडून निघाला, आता टाकीपाशी आला, आता गेला. मी आजवर दुसऱ्यांनी बघितलेलंच नीट करून लिहिलंय, पण असं कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

पेटी टेबलावर चढवताना त्याने ती फिरवली. काचेची बाजू खिडकीकडे, पत्र्याची कोरी बाजू स्वतःच्या खुर्चीकडे. मी म्हटलं, अरे उलटी ठेवलीस, तुला काय दिसणार मग. तो म्हणाला, बरोबर ठेवलीय. खिडकीचा पडदा त्याने आधीच काढून टाकला होता. समोरच्या इमारतीतून, पार्किंगमधून, चहाच्या टपरीवरून सहाव्या मजल्यावरची ती खिडकी दिसते. तिथे त्याचे कंपनीतले दोघेतिघे राहतात. पेटीचे सुटे भाग येऊ लागल्यापासून त्याने कंपनीच्या ग्रुपवर रोज फोटो टाकले होते, आणि आता सगळे त्याला गेमर म्हणतात, म्हणजे रात्ररात्र कॉम्प्युटरवर खेळणारा. धडकला, ठेचकाळला, हाक मारणाऱ्याकडे बघितलं नाही, की सुपरवायझर म्हणतो, काय राव, आज पण रात्रभर खेळलास वाटतं, आणि सगळे हसतात.

"साधा कॉम्प्युटर आणून ठेवला असता तर कुणाला पटलं नसतं," तो म्हणाला. "हे बघितल्यावर कोणी दुसरं काही विचारत नाही. अण्णा पीत नव्हते, मला माहितीय ताई. आईने शेवटी सांगितलं मला." मग म्हणाला, "आता दारूवर कंपनी लगेच काढते. गेमवर नुसती हसते."

मी त्याला म्हटलं, आणि रस्त्यावर काय करशील. तो वायरी आवरत राहिला.

खाली उतरून मी रिक्षासाठी उभी राहिले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि त्याची खिडकी जांभळी झाली होती, मग निळी. शेजारी उभा असलेला एक जण दुसऱ्याला वर बोट दाखवून म्हणाला, "भाऊचं चालू झालं बघ." हे त्याच्या मनासारखं झालं होतं.

मला तुमचा तेरावा आठवत होता. तुम्ही पिंपरीत रस्ता ओलांडताना गेलात. दिवेलागणीची वेळ होती, सोबती रजेवर होता आणि मी शाळेच्या शिबिराला गेले होते. तेराव्याला तुमचे फोरमन आले, आईसमोर हात जोडून म्हणाले, माणूस सोन्यासारखा होता वहिनी, त्या एका सवयीनं घात केला. आईने मान हलवली. एवढी माणसं होती, तिला तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं, आता कंपनी तुमचं काय वाकडं करणार होती. पण तिने होय म्हणून मान हलवली आणि पदर सावरून चहा विचारला. पुढे डेस्कवर अशा किती बातम्या माझ्या हातून गेल्या: रस्ता ओलांडताना अमुक ठिकाणी एकाचा मृत्यू, नशेत असल्याचा संशय. मी त्यातला संशय हा शब्द तेवढा जागेवर आहे का बघायचे. जागेवर असला की बातमी सोडायचे.

परवा त्याच्या बायकोचा फोन आला. इतके दिवस थट्टेनं बोलायची, परवा आवाज निराळा होता. तिने सांगितलं की रात्री पाणी प्यायला उठली तर हा अंधारात त्या खुर्चीत बसलेला, हेडफोन कानाला, पेटीचे दिवे सगळे चालू आणि कॉम्प्युटरची स्क्रीन कोरी. खेळत नव्हताच. नुसता बसून झोपला होता. शिवाय मोटरसायकलचा डावा आरसा परत फुटला आहे, आणि तो म्हणतो पार्किंगमध्ये कुणीतरी पाडली. ती म्हणाली, "ताई, भावाची बाजू घेऊन बोलू नका. मला खरं सांगा. नुसता गेमचाच नाद आहे ना? दुसरं काही नाही ना?"

तिने मला दार उघडून दिलं होतं, अण्णा. बाईला संशय आलाय, ती शहाणी आहे, तिला सांगितलं तर ती त्याच्या गाडीची चावी काढून घेईल. मग त्याची नोकरी जाईल, फ्लॅट जाईल, आणि तो घरी बसेल, तुम्हाला ज्याची भीती होती तसा. आणि नाही सांगितलं तर काय होईल, ते मी एकदा बघितलं आहे. दोन्हीकडे पाहून झालं, मधली वाट मला सापडली नाही. तशी ती आहे असं मला वाटतही नाही. डोळे जायचे आहेत ते जाणार. आम्ही फक्त लोकांना कधी कळावं हे ठरवतो आहोत.

हे पाठवायचं नाही, म्हणून इतकं लिहिता आलं. पाठवायचं असतं तर मी ते आपल्या सवयीप्रमाणे निम्म्यावर आणलं असतं आणि शेवटचा परिच्छेद आधी कापला असता.

मी तिला म्हटलं, "नुसता गेमच गं. पुरुषांना या वयात लागतं काहीतरी वेड. जाईल." ती म्हणाली, तुम्ही म्हणताय तर ठीक आहे. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं, आणि मी पोळ्या करायला घेतल्या.