व्हॅनचा मूळ तळ तीन डब्यांत सादर करण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
तालुका वाहन तपासणी केंद्र,
डिचोली, गोवा.

अर्जदार : कु. ऋतिका सगुण मळीक, इयत्ता अकरावी (विज्ञान), रा. कारापूर.
(वाहनमालक श्री. सगुण मळीक यांची मुलगी)

विषय : आमच्या शाळेच्या मुलांच्या व्हॅनचा जुना तळ डब्यांत स्वीकारून नवा तळ येत्या सोमवारच्या आत पास करणेबाबत.

संदर्भ : १) आपला दि. ६ ऑक्टोबर २०२५ चा लेखी शेरा : "तळ गंजलेला. नापास."
२) आपला दि. ३ नोव्हेंबर २०२५ चा लेखी शेरा : "तळ नवीन आढळतो. जुना तळ सादर करावा."
३) आपल्या गेटवरील पहारेकऱ्यांचा दि. ५ नोव्हेंबरचा तोंडी शेरा : "ही माती भितर व्हरूंक मेळची ना." (आत नेता येणार नाही.)

महोदय,

वरील तिन्ही शेरे एकाच तळाविषयी आहेत, हे प्रथम नमूद करते. मी आयुष्यात पहिल्यांदाच अर्ज लिहीत आहे. आमचे बाबा म्हणाले होते, "अर्जान कितें जातलें?" (अर्जाने काय होणार?) पण गेल्या महिन्याभरात मी चार खिडक्यांवर उभी राहिले आहे आणि आता मला खिडकीची भीती वाटत नाही, म्हणून लिहिते.

१. आमचे बाबा पूर्वी खाणीच्या ट्रकावर होते. खाण बंद झाल्यावर ते हुबळीच्या एका मालकाच्या लांब पल्ल्याच्या ट्रकावर गेले आणि सहा वर्षे तिथेच राहिले. महिन्यातून एकदा घरी यायचे. तेव्हा मी आणि आई (सौ. सुमंगला) आजोळी इब्रामपूरला राहायचो. मी पाच वर्षांची असताना ते एकदा आले, तेव्हा मी त्यांना पाहुणे समजून पाणी आणून दिले आणि "तुम्ही किती दिवस राहणार?" असे विचारले. हा प्रसंग मला आठवत नाही, पण बाबांना आठवतो. ते मनात ठेवून, पैसे साठवत, पुढे चार वर्षांनी त्यांनी हुबळी सोडली, जुनी व्हॅन घेतली आणि आम्ही कारापूरला आलो. गेली सात वर्षे ते शाळेच्या मुलांना नेतात-आणतात व दुपारी घरी जेवतात.

२. आता गंजाविषयी. डिचोली तालुक्यात गाडीचा तळ लाल असणे ही कोणाला तक्रार वाटत नाही. बाबा रोज सकाळी व्हॅन झाडायचे आणि रोज मूठभर लाल भुकटी निघायची. त्यांची पक्की खात्री होती की ती खाणीची माती, रस्त्यावरून मुलांच्या चपलांना लागून येते. ज्याने अर्धे आयुष्य खाणीची माती वाहिली त्याला ती फेकवत नाही. "माती फुकट घालवची न्हय," असे म्हणून ते ती पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवत. सात वर्षांत अडीच डबे भरले. व्हॅनचा तळ पातळ होत गेला आणि डबे जड होत गेले, पण दोन्हींचा संबंध घरात कुणाच्याच डोक्यात आला नाही. मी विज्ञान शाखेत असूनही माझ्याही नाही. गंजावरचा धडा मी पाठ केला होता, पण तो खिळ्यावर होता.

३. दि. ६ ऑक्टोबरला आपल्या साहेबांनी मधल्या सीटखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबला नाही, फक्त टेकवला, हे मी स्वतः पाहिले. तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून रस्ता दिसला. बाबा म्हणाले, "साहेब, हो गंज न्हय, खाणीची माती." साहेब म्हणाले, "मग माझा स्क्रूड्रायव्हर तुमच्या खाणीतून काढून द्या." तो काढून दिला. शेरा योग्यच होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

४. दिवाळीच्या सुट्टीत मी दुरुस्ती हाती घेतली. "मी" असे लिहिते, कारण बाबा ओट्यावर बसून होते आणि हुबळीच्या मालकाचा फोन पुन्हा येऊ लागला होता. कारापूरच्या वेल्डिंगच्या दुकानातले निवृत्तीमामा (मूळचे गडहिंग्लजकडचे) यांनी मॅट उचलून बघितले आणि म्हणाले, "पोरी, ह्यो पत्रा न्हवं, पापड हाय." मॅटखाली आईने मुलांच्या पायांना गार लागू नये म्हणून गोणपाट घातले होते. सात पावसाळ्यांचे छत्र्यांचे आणि रेनकोटांचे पाणी त्या गोणपाटाने प्यायले होते. पाणी जाण्याची चारही भोके पेन्सिलीच्या सालींनी आणि शेंगदाण्यांच्या टरफलांनी बुजली होती.

ते गोणपाट पुरावा म्हणून सादर करता येत नाही याबद्दल क्षमस्व. दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात भरायला वाड्यावरच्या मुलांनी ते नेले. पहाटे नरकासुराचे हात-पाय आणि डोके जळून गेले, पण पोट काही केल्या पेटेना. चार वेळा रॉकेल ओतले. शेवटी सगळे आंघोळीला घरी गेले आणि पोट तसेच चौकात उभे राहिले. त्यात पाणी किती होते, हे सांगायला वाड्यावरची चाळीस माणसे तयार आहेत.

५. काम पुढीलप्रमाणे केले. सर्व सीटा काढल्या. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासले. जिथे लागलाच नाही तिथे निवृत्तीमामांनी कापले. कापलेला भाग हातात बिस्किटासारखा मोडायचा. बाबा ओट्यावरून उठून आले, त्यांनी तो झाडून तिसऱ्या डब्यात भरला आणि परत जाऊन बसले. मग जाड पत्र्याचे तुकडे वेल्डिंगने बसवले. त्यांतले दोन टाके माझे आहेत, ते ओळखू येतात, पण धरून आहेत. उरल्यासुरल्या गंजावर त्याला काळा करून थांबवणारे द्रावण लावले, सांधे सीलंटने भरले, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल थर), वर रंग, खालून डांबरी लेप. चारही भोके मोकळी करून त्यांना रबरी बूच बसवले.

रेड ऑक्साइड लावल्यावर एक अडचण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सवयीने दार उघडले, तळ लाल बघितला आणि झाडू घेतला. काहीच निघेना. बराच वेळ झाडत होते. मग आत येऊन आईला म्हणाले, "आज माती ना गो." घरात कोणी हसले नाही.

६. तळाची मजबुती तपासण्यासाठी मी, माझी मैत्रीण तनया आणि वर्गातल्या आणखी दोघींनी सीटा काढलेल्या व्हॅनमध्ये फुगडी घातली. छत ठेंगणे असल्याने उकिडवे बसून बसफुगडी घालावी लागली. अर्ध्या तासात तळाला काहीही झाले नाही. तनयाला चक्कर आली, परंतु तो तळाचा दोष नाही.

७. दि. ३ नोव्हेंबरला आपण नवा तळ बघून "जुना तळ सादर करावा" असे लिहिले. नियम असेल, हरकत नाही. पुष्कळ लोकांचा जुना तळ रस्त्यात कुठेतरी पडून जातो. आमचा एक कणही गेलेला नाही. संपूर्ण तळ तीन डब्यांत घरी सुरक्षित आहे. म्हणून दि. ५ रोजी मी आणि बाबा तिन्ही डबे घेऊन आपल्या गेटवर आलो.

गेटवरच्या पहारेकऱ्यांनी झाकण उघडले, चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली आणि त्यांचा चेहराच बदलला. ते पूर्वी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जीवर होते. म्हणाले, "ही खाणीची माती. परवान्याशिवाय भितर व्हरूंक मेळची ना." मी म्हटले, काका, हा गंज आहे. ते म्हणाले, "बाय, वीस वर्सां माती व्हाली हांवें. तूं माका शिकयता?" बाबा त्या दिवसांत पहिल्यांदाच खूश झाले. त्या दोघांनी तिथे बाकावर बसून चहा घेतला आणि डबे बाहेरच राहिले.

मग खनिजाच्या परवान्याची चौकशी करायला आम्ही दुसऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी डब्यात बघून सांगितले, "हा गंज आहे, गाडीवाल्यांकडे जा." परत गेटवर आलो. पहारेकरीकाका म्हणाले, "गंज म्हणून लेखी आण." परत गेलो. बाई म्हणाल्या, "गंजाचा दाखला आम्ही देत नाही." शेवटी आमचे शेजारी गोपाळकाका, जे खाणीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचे, त्यांनी लोहचुंबक फिरवून, वजन करून, थोडे जिभेला लावून लेखी दिले की माल "अठ्ठावन्न ग्रेडचा, उत्तम" आहे, म्हणजे अठ्ठावन्न टक्के लोखंडाचे खनिज. मदत म्हणूनच दिले. आता डब्यांविषयी आमच्याकडे असलेला एकमेव लेखी कागद आमच्याच विरुद्ध आहे. तरीही जोडला आहे, कारण लपवाछपवी नको.

८. महोदय, मी यावर दोन रात्री विचार केला आहे. डब्यांतली वस्तू एकतर गंज आहे किंवा माती आहे.

गंज असेल, तर तोच आमचा जुना तळ. तो सादर झाला असे समजून नवा तळ पास करावा.

माती असेल, तर आमचा तळ कधी गंजलाच नव्हता. मग दि. ६ ऑक्टोबरचा शेरा मागे घ्यावा आणि गाडी त्याच दिवशी पास होती असे धरावे. स्क्रूड्रायव्हर आत कसा गेला, याचे उत्तर मात्र त्या परिस्थितीत आपल्याला द्यावे लागेल.

दोन्हींपैकी आपल्याला सोयीचे ते निवडावे. आम्हाला दोन्ही चालतात. फक्त दोन्ही एकदम निवडू नये, कारण सध्या तेच झाले आहे.

९. पुढे गंज येऊ नये म्हणून मी लेखी हमी देते : गोणपाट कायमचे बंद, त्याऐवजी रोज उचलता येणारी रबरी मॅट. ओल्या छत्र्या दारातल्या बादलीत. दर शनिवारी बूच काढून तळ धुणे, दारे उघडी टाकून वाळवणे. शेंगदाणे गाडीत बंद (मुलांनी निषेध केला आहे). दर सहा महिन्यांनी मी स्वतः स्क्रूड्रायव्हर टेकवून बघेन, आणि टेकवून नाही, दाबून.

१०. घाई कशाची ते सांगते. हुबळीच्या मालकाने बाबांना सोमवार, दि. १७ नोव्हेंबरला हजर व्हायला सांगितले आहे. व्हॅन पास झाली नाही तर ती भंगारात जाणार आणि बाबा ट्रकावर. आईने त्यांची बॅग काढून उन्हात ठेवली आहे. माझा छोटा भाऊ प्रज्योत पाच वर्षांचा आहे. तो हुशार आहे, पण महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला ओळखण्याइतका आहे की नाही, याची मला खात्री नाही. मला हा प्रयोग करून बघायचा नाही.

तरी सोमवारच्या आत निर्णय व्हावा. तळावर उड्या मारून बघायच्या असतील तर जरूर माराव्यात, सगळ्या स्टाफने मारल्या तरी चालेल.

आपली नम्र आणि नखांतला काळा रंग अजून न गेलेली,

ऋतिका सगुण मळीक
कारापूर, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. संदर्भातील दोन्ही लेखी शेऱ्यांच्या प्रती.
२. जुना तळ, नमुन्यादाखल, एका काडेपेटीत (उघडताना पंखा बंद करावा).
३. श्री. गोपाळकाका यांचा ग्रेडचा दाखला, वहीच्या पानावर.
४. बसफुगडीचा फोटो.

वाहनमालकाचा शेरा :
मुलीचा अर्ज वाचला. तिची परीक्षा चालू असल्याने मी स्वतः आणून देत आहे. डब्यांचे काय ते साहेबांनी ठरवावे, मी वाद घालणार नाही. हुबळीला येत नाही म्हणून काल फोन करून सांगितले आहे. हे घरी अजून कोणाला माहीत नाही. गाडी सोमवारी सकाळी सात वाजता आपल्या गेटवर उभी करतो. पास झाली तर तिथूनच मुलांना आणायला जाईन.
सगुण मळीक, १३/११/२०२५